शेवग्याच्या पानांचा अर्क: सॉक्सलेट आणि अल्ट्रासोनिक यांची तुलना कोणत्या पायावर करावी?

शेवग्याच्या पानांतील अँटिऑक्सिडंट संयुगे काढण्यासाठी मी तीन पद्धती वापरल्या असून निष्कर्ष लिहिताना अडलो आहे. तिन्ही वेळा सावलीत वाळवून एकाच चाळणीतून चाळलेली 10 ग्रॅम पूड आणि 70 टक्के इथेनॉल घेतले. एकदा पूड 48 तास नुसती भिजवली, एकदा सॉक्सलेट या उकळत्या द्रावकाने अर्क काढण्याच्या उपकरणात 6 तास ठेवली आणि एकदा 40 किलोहर्ट्झच्या अल्ट्रासोनिक बाथमध्ये (श्राव्यातीत ध्वनिलहरींच्या टाकीत) 30 मिनिटे.

सुका अर्क सॉक्सलेटमधून सर्वांत जास्त मिळाला. प्रति ग्रॅम अर्कातील एकूण फिनॉल (अँटिऑक्सिडंट गुणाच्या संयुगांचा गट) मात्र अल्ट्रासोनिकमध्ये अधिक आले आणि डीपीपीएच या जांभळ्या संयुगाचा रंग अर्क किती घालवतो हे पाहणाऱ्या चाचणीतही त्याचाच आयसी-50 (निम्मा परिणाम साधायला लागणारी मात्रा) सर्वांत कमी, म्हणजे तोच सर्वांत प्रभावी ठरला. भिजवलेला अर्क दोन्हींत मध्ये राहिला.

उष्णतेने संयुगे नष्ट झाली, असे लिहून मोकळे होण्याचा मोह मला झाला होता. परंतु सॉक्सलेटमध्ये पुडीवर पडतो तो फ्लास्कमधील द्रावक नसून त्याची वाफ थंड होऊन झालेला द्रव असतो, आणि 70 टक्के इथेनॉल उकळताना वाफेत इथेनॉलचे प्रमाण वाढत असल्याने पुडीला प्रत्यक्षात कमी पाण्याचा, वेगळाच द्रावक मिळतो. मग क्वेर्सेटिनची ग्लायकोसाइडे (साखर जोडलेली अँटिऑक्सिडंट संयुगे) कमी उतरली आणि हरितद्रव्य जास्त उतरले, तर दोष उष्णतेचा की द्रावकाचा? (अर्क गडद हिरवा होता, हे तेव्हाच खटकायला हवे होते.) शिवाय त्या हिरव्या रंगाचे स्वतःचे शोषण 517 नॅनोमीटरला, म्हणजे डीपीपीएचचा रंग मोजतात त्याच तरंगलांबीला, मिसळून अर्क आहे त्याहून निष्प्रभ दिसला असण्याचीही शक्यता आहे, कारण मी प्रत्येक अर्काचा डीपीपीएचविरहित ब्लँक (तुलनेसाठीचे कोरे मोजमाप) घेतला नव्हता.

आता अल्ट्रासोनिकचाच अर्क रिफ्लक्सखाली (वाफ थंड होऊन त्याच फ्लास्कमध्ये परत पडेल अशा मांडणीत) 6 तास उकळून पुन्हा मोजावा, म्हणजे उष्णतेचा परिणाम वेगळा काढता येईल, असा विचार आहे. एवढी चाचणी पुरेशी आहे का, की सॉक्सलेट वगळून 70 टक्के इथेनॉलमध्ये पूडच रिफ्लक्स करणे अधिक योग्य ठरेल?

दुसरा प्रश्न आकडे मांडण्याचा आहे. प्रति ग्रॅम अर्काऐवजी प्रति ग्रॅम सुक्या पानामागे गॅलिक आम्ल-तुल्य (तितक्याच गॅलिक आम्लाच्या वजनात मांडलेले) फिनॉल काढले, तर जास्त उताऱ्यामुळे सॉक्सलेट पुढे जाते आणि क्रमच उलटतो. फिनॉल मोजण्याचा फोलिन-सिओकाल्टू अभिकर्मक क जीवनसत्त्वाशीही अभिक्रिया करतो, त्यामुळे माझा या आकड्यांवर पूर्ण भरवसा नाही. पद्धतींची तुलना करताना आपण यांपैकी कोणता पाया धरता, आणि का?