ग्रंथ यंत्राला दिले की आयुर्वेदाची ऑन्टॉलॉजी होते का?

खलबत्ता:
काल कोडकरी यांनी लिहिलं की आयुर्वेदाची ऑन्टॉलॉजी, म्हणजे संज्ञा आणि त्यांच्यातली नाती यांचा आराखडा, करायची तर चरक आणि भावप्रकाश निघंटू (औषधी द्रव्यांचा कोश) यंत्राला द्या, संज्ञा वेचल्या जातील, नाती जुळतील, वैद्य फक्त शेवटी तपासायला लागतील. वाचून झोप उडाली, म्हणून सविस्तर लिहितोय.

भावप्रकाशात गुळवेलीची नावं बघा: गुडूची, मधुपर्णी, अमृता. आता हरडा काढा, त्यातही अमृता. आवळ्यातही अमृता. यंत्र समानार्थी शब्दांचा गट करणार आणि तिघांना एका गाठोड्यात बांधणार. गुळवेल कडू, हरडा मुख्यतः तुरट, आवळा आंबट. वीर्य, म्हणजे द्रव्याची थंड-उष्ण शक्ती, म्हणाल तर आवळा शीत आणि बाकी दोन उष्ण. या गाठोड्यावर कुणी चिकित्सेचं सॉफ्टवेअर उभं केलं तर रुग्णाच्या पोटात काय जाईल?

कोडकरी:
अनेकार्थी शब्दांची अडचण मला माहीत नाही असं धरून चालू नका. ती सगळ्याच शास्त्रांत आहे. संगणकीय भाषाशास्त्रातल्या हर्स्ट यांनी १९९२ मध्येच दाखवलं की 'अमुक, तमुक यांसारखी फळे' अशा रचनेवरून जातीचं नातं, म्हणजे अमुक हे एक फळ आहे हे, काढता येतं. मराठीत 'इत्यादी' आहे, संस्कृतात 'आदि' आहे. सगळं हाताने करायचं तर आपली हयात पुरणार नाही. जीन ऑन्टॉलॉजीवर, म्हणजे जनुकांच्या कार्यांच्या अशाच आराखड्यावर, १९९८ पासून माणसं बसली आहेत. आपल्याकडे कोण बसणार, सांगा.

खलबत्ता:
'आदि'चंच उदाहरण घेतलंत ते बरं झालं. हरीतकी म्हणजे हरडा, आणि भावप्रकाशाच्या हरीतक्यादि वर्गात सुंठ, जिरे, हिंग आहेत, सैंधवसुद्धा आहे. तुमच्या नियमाने मीठ हरड्याच्या जातीत गेलं. तिथे 'आदि' म्हणजे यादी हरड्यापासून सुरू होते, एवढंच.

रूपावली:
या ग्रंथांवरच्या मराठी टीकाग्रंथांचं तर कुणी नावच काढत नाही. हरडा, हरडे, हरड्याचा, हरड्याने. सामान्यरूप न सोडवता वारंवारता मोजली की एका संज्ञेच्या चार होतात. मी दोन महिने अशा याद्या निवडल्या आहेत, डोळे गेले.

रानवाटा:
आधी ब्राह्मी कोणती ते ठरवा, मग यंत्रं लावा. आमच्याकडे गोल पानांची, ओलाव्यात पसरणारी वेल, तीच ब्राह्मी. आजी तिचंच तेल करायची. एका रोपवाटिकेतून ब्राह्मी आणली, तर बारीक मांसल पानांची निघाली.

खलबत्ता:
तुमच्या आजीची ती मंडूकपर्णी. बारीक पानांची तीच ग्रंथातली ब्राह्मी, बाकोपा. रोपवाटिकेने बरोबर दिलं.

रानवाटा:
म्हणजे आजी चुकली? अख्खा गाव चुकला? पुस्तकात बसत नाही म्हणून माणसांची भाषा खोटी ठरवायची, हा वैद्य मंडळींचा जुना खाक्या आहे.

खलबत्ता:
आजीचा अपमान केलेला नाही. पण दोन झाडं वेगळी आहेत, त्यांची कुळंही वेगळी आहेत. औषधात हे चालत नाही.

रूपावली:
शंखपुष्पीचंही तेच. उत्तरेत एक, केरळात गोकर्ण. रास्नाही उत्तरेत आणि दक्षिणेत वेगळी. मग सगळ्या केरळी वैद्यांना चूक म्हणणार का?

कोडकरी:
मूळ मुद्द्यावर येऊ द्या. खलबत्ता, चरकाच्या सूत्रस्थानातला चौथा अध्याय काढा. पन्नास महाकषाय, म्हणजे कामानुसार केलेले द्रव्यांचे गट, प्रत्येकात दहा द्रव्यं. शिष्य अग्निवेश विचारतो, तीच द्रव्यं पुन्हा पुन्हा येतात, मग पाचशे कशी भरली? गुरू आत्रेय सांगतात, एकच माणूस वेगवेगळी कामं करतो तेव्हा त्याला त्या त्या कामाची नावं मिळतात, तसंच हे. म्हणजे एक द्रव्य अनेक वर्गांत, हा आराखडा ग्रंथातच आहे. मी तोच यंत्राला शिकवतोय.

खलबत्ता:
हा अध्याय तुम्ही वाचला असेल असं वाटलं नव्हतं. मुद्दा बरोबर आहे, मानतो. पण त्यातून माझंच म्हणणं निघतं. नाव कर्माचं असतं, द्रव्याचं नव्हे. अमृता हे नाव म्हणून वेगळं ठेवा, गुळवेल, हरडा, आवळा ही द्रव्यं वेगळी ठेवा, आणि मधलं नातं श्लोक वाचून माणसानेच लावायचं.

कोडकरी:
नावाची आणि द्रव्याची नोंद वेगळी, हे मान्य. नाती यंत्र सुचवेल आणि प्रत्येकावर वैद्याची सही लागेल. 'शेवटी तपासणं' हे माझं वाक्य मागे घेतो. संज्ञा वेचण्याचं काम मात्र यंत्रच करणार, त्यावरून हलणार नाही.

रानवाटा:
आणि ब्राह्मी?

खलबत्ता:
नाव एक, झाडं दोन. प्रत्येक नात्यावर लिहायचं, कोणत्या ग्रंथात किंवा कोणत्या मुलखात. तुमच्या गावाचं नाव कळवा, आजीची ब्राह्मीही नोंदवतो.

रानवाटा:
कळवते. पण 'चुकीची' म्हणून नोंदवू नका.