ऑनलाइन शिकवणारा चांगला प्राध्यापक तुम्ही कशावरून ओळखलात?

पाटीपेन्सिल

नमस्कार मंडळी,

उत्कृष्ट ऑनलाइन अध्यापनाच्या एका पुरस्काराच्या निवड समितीत सध्या मी आहे. आलेल्या अर्जांत काय असतं? व्हिडिओ किती, व्ह्यूज किती, विद्यार्थ्यांनी दिलेल्या ताऱ्यांची सरासरी, आणि स्टुडिओत कोट घालून काढलेले फोटो. एवढ्यावरून माणूस बोलतो कसा ते कळतं. शिकवतो कसा ते कळत नाही.

नियमांचाही कल तिकडेच. यूजीसीच्या २०१८च्या नियमावलीत चार क्रेडिटचा अख्खा ऑनलाइन अभ्यासक्रम चारही भागांत तयार केला की प्राध्यापकाला २० गुण मिळतात. ‘स्वयम’ या सरकारी ऑनलाइन शिक्षणमंचाच्या पद्धतीत हे चार भाग म्हणजे व्हिडिओ, वाचनसाहित्य, स्वचाचणी आणि चर्चामंच. म्हणजे चर्चामंच असलाच पाहिजे. पण त्यावर रात्री अकराला पडलेल्या प्रश्नाला कोणी उत्तर दिलं, याचे गुण कुठल्याच रकान्यात नाहीत.

म्हणून तुम्हालाच विचारते. ऑनलाइन शिकताना किंवा शिकवताना ‘हा माणूस खरा शिक्षक’ असं कधी वाटलं? ‘सर फार छान शिकवतात’ एवढ्यावर भागवू नका, त्यांनी नेमकं काय केलं ते लिहा. कोणाची तक्रार असेल तर नावं नकोत.

रात्रपाळी

मी चाकणला एका कारखान्यात आहे. डिप्लोमावर लागलो, नंतर पार्ट टाइम बी.ई. केलं. एनपीटीईएलवर (आयआयटीवाल्यांचे ऑनलाइन कोर्स असतात तिथे) हीट ट्रान्सफरचा १२ आठवड्यांचा कोर्स घेतला. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी : दर आठवड्याला असाइनमेंट, १२ पैकी चांगल्या ८ धरतात, त्यांना २५ टक्के वजन, आणि केंद्रावर जाऊन द्यायच्या परीक्षेला ७५.

बायो नंबर आणि नुसेल्ट नंबर, दोन्हींचं सूत्र दिसायला एकच : एच गुणिले एल भागिले के. फरक त्या ‘के’त, म्हणजे उष्णतावाहकतेत आहे. बायोमध्ये तो घन पदार्थाचा, नुसेल्टमध्ये बाजूने वाहणाऱ्या हवेचा किंवा पाण्याचा. असाइनमेंटमध्ये आमच्यातल्या बहुतेकांनी नुसेल्टमध्ये पोलादाचा ‘के’ घालून ठेवला. उत्तर कुठल्या कुठे गेलं.

एरवी काय होतं? सोल्युशनची पीडीएफ टाकतात, विषय संपला. या सरांनी चुकलेली उत्तरं उलटी सोडवून पाहिली असणार, कारण दोन दिवसांत मंचावर त्यांचा मजकूर आला : ‘तुम्ही सगळे एकाच ठिकाणी अडखळलात, म्हणजे खड्डा माझ्या स्लाइडमध्ये आहे. दोन्हीकडे नुसता ‘के’ लिहिलाय. यापुढे के-सॉलिड आणि के-फ्लुइड असं वेगळं लिहीन.’ सोबत फोनवर काढलेला छोटा व्हिडिओ, मागे पंखा घरघरतोय, लाइट धड नाही. अख्ख्या कोर्समधला तोच व्हिडिओ मी डाउनलोड करून ठेवलाय.

प्रमाणपत्र ‘एलिट’ श्रेणीचं मिळालं, त्यावरच्या सिल्व्हरला लागतात ते ७५ थोडक्यात हुकले. पण फर्नेसच्या अस्तराचं गणित आता मला कोणी चुकवून दाखवावं!

दुसरी घंटा

मुलांच्या मागे लागून थकले आणि स्वतःच मुक्त विद्यापीठात बी.ए.ला नाव घातलं. (नाशिकचं, यशवंतराव चव्हाण. १९८९पासून आमच्यासारख्यांसाठीच आहे ते.) करोनात अभ्यासकेंद्रावरची सत्रं बंद झाली आणि सगळं मोबाइलवर आलं. घरात मोबाइल एक, शाळेत जाणारी पोरं दोन. माझा नंबर लागायचा रात्री भांडी झाल्यावर, तोवर दिवसाचा डेटा संपलेला.

बाकीचे मीटिंगची लिंक टाकून मोकळे. आमच्या राज्यशास्त्राच्या मॅडमनी पहिल्याच आठवड्यात प्रत्येकीला फोन केला. विचारलं काय, तर फोन कोणाचा आहे, रोज किती वेळ हातात येतो, रेंज कुठे मिळते. मग ठरवलं की व्हिडिओ करायचाच नाही. रोज व्हॉट्सअॅपवर पाचेक मिनिटांचा ऑडिओ, पुस्तकातलं पान सांगून. ‘पान उघडा, दुसरा परिच्छेद, त्यातल्या ‘अवशिष्ट अधिकार’ या शब्दाखाली रेघ मारा’ असं. पोळ्या लाटता लाटता ऐकायचं, रात्री पान उघडून बघायचं. गृहपाठाचे फोटो पाठवले की समासात लाल पेनाने लिहून त्याचे फोटो परत यायचे.

पाटीपेन्सिल, तुमच्या समितीपुढे त्यांनी अर्ज केला तर व्ह्यूज शून्य दिसतील हो.

फोर्थ बेंच

मी जरा उलटं बोलतो, चालेल ना?

विद्यार्थ्यांना विचारून चांगला शिक्षक सापडतो, यावर माझा विश्वास नाही. आमच्याकडे (खाजगी विद्यापीठ, नाव सोडा) फीडबॅक फॉर्म भरल्याशिवाय हॉल तिकीटच डाउनलोड व्हायचं नाही. सगळी पोरं पाचावर पाच ठोकत खाली यायची. त्या सरासरीवर ‘बेस्ट ऑनलाइन फॅकल्टी’ निघायचा.

आणि मनापासून भरला तरी काय? २०१३ साली मानसशास्त्रज्ञ शाना कार्पेंटर आणि सहकाऱ्यांनी एक प्रयोग छापला होता. विषय कॅलिको (तीनरंगी) मांजरींच्या रंगाची आनुवंशिकता, मिनिटभराचे दोन व्हिडिओ, मजकूर तोच, बाई त्याच. एकात त्या ताठ उभ्या राहून नजर भिडवून घडाघडा बोलतात, दुसऱ्यात कागदात मान घालून अडखळत वाचतात. पहिला पाहणाऱ्यांना वाटलं आपण जास्त शिकलो. चाचणीत मात्र दोन्ही गटांना आठवलं जवळपास तेवढंच.

माझ्या स्वतःच्या यादीत वर कोण, सांगू? स्टॅटिस्टिक्सचे एक अत्यंत कंटाळवाणे सर. लाइव्ह लेक्चरला दर दहा मिनिटांनी थांबायचे आणि यादीतलं कुठलंही नाव घेऊन ‘आता पुढची पायरी तू सांग’. सगळे वैतागायचो. फॉर्ममध्ये मी त्यांना दोन दिले होते. नोकरीत आज जे येतंय ते त्यांच्याच तासाचं.

काठी आणि कीबोर्ड

मला दिसत नाही. अर्थशास्त्रात एम.ए. केलं, त्यातलं बरंचसं ऑनलाइन. संगणकावर एनव्हीडीए हा स्क्रीनरीडर वापरते.

ऑनलाइन आल्यावर माझ्यासारख्यांचं सोपं झालं असेल, असं लोकांना वाटतं. स्कॅन करून टाकलेली पीडीएफ म्हणजे नुसतं चित्र. स्क्रीनरीडर तिच्यापुढे गप्प बसतो. आणि लेक्चरमध्ये काय ऐकू येतं? ‘हे बघा, ही रेषा इथून अशी इथे आली की हा बिंदू इकडे सरकतो.’ कुठून, कशी, कुठे? वर्गात शेजारची मैत्रीण हातावर बोटाने काढून दाखवायची. झूमवर शेजारीण नसते.

एक सर असे भेटले, ज्यांनी ‘हे’, ‘असं’ आणि ‘इथे’ हे शब्दच टाकून दिले. ‘आडव्या अक्षावर प्रमाण, उभ्यावर किंमत. मागणीची रेषा डावीकडे वर सुरू होते आणि उजवीकडे उतरत जाते, पुरवठ्याची डावीकडे खालून वर चढते. उत्पन्न वाढलं, म्हणून मागणीची अख्खी रेषा उजवीकडे सरकली. नवा छेद जुन्याच्या वर आणि उजवीकडे. किंमतही वाढली, प्रमाणही.’ मी ऐकता ऐकता जाड कागदावर दोरा चिकटवून आलेख करायचे आणि तो बरोबर यायचा.

गंमत अशी की यावर सगळ्यात खूश होती ती गावाकडची, व्हिडिओ बंद ठेवून बसणारी मुलं. सरांनी हे माझ्यासाठी सुरू केलं हे त्यांना बहुधा शेवटपर्यंत कळलं नाही. सरांनी कधी बोलूनही दाखवलं नाही, आणि मला तेच जास्त आवडलं.

पाटीपेन्सिल

वा! हे विचारायला हवं, अर्जात नसतंच : दृष्टिहीन विद्यार्थ्याला तुमचा तास कसा पोचतो?

फोर्थ बेंच, मुद्दा मान्य. पण विद्यार्थ्यांना विचारायचं नाही तर मग कोणाला?

लेस्टरवासी

याला आमच्याकडे एक उत्तर आहे. मी ब्रिटनच्या ओपन युनिव्हर्सिटीत शिकवतो. १९६९ची संस्था, दूरस्थ शिक्षण हेच तिचं काम. अभ्याससाहित्य वेगळी टीम तयार करते. आम्ही असोसिएट लेक्चरर. म्हणजे व्हिडिओ छान झाला तरी त्याचं कौतुक माझ्या वाट्याला येत नाही. माझ्याकडे येतात त्या टीएमए, ट्यूटरने तपासायच्या असाइनमेंट.

मी तपासलेल्यांपैकी काही दुसऱ्या अनुभवी ट्यूटरकडे जातात. तो मी दिलेले गुण पाहतो आणि त्याहून बारकाईने माझे शेरे वाचतो. ‘गुड वर्क’ एवढंच लिहिलं तर तो विचारणार : गुड काय होतं, ते विद्यार्थ्याला कसं कळणार? पुढच्या टीएमएत उपयोगी पडेल असं काही लिहिलंय का? नापास होणाऱ्याला धीर येईल अशी सुरुवात आहे का? एकदा मला परत आलेली टिप्पणी अशी होती : ‘तुम्ही १४ चुका दाखवल्यात. या विद्यार्थिनीला या आठवड्यात दोनच दुरुस्त करता येतील. त्या कोणत्या?’

पगार बेताचा, तपासणीचं काम डोंगराएवढं, आणि ही देखरेख सगळ्यांना गोड लागते असंही नाही. पण शिकवण्याची पारख करायची तर तपासलेली वही वाचावी, हे मला पटलंय.

स्टुडिओतली

मी या बाजूची. कॉलेजात गणित शिकवते, अभ्यासक्रमाचे व्हिडिओ केलेत.

‘सहा मिनिटांपेक्षा मोठा व्हिडिओ नको’ हे आम्हाला वरून आलं. त्यामागे २०१४चा, एडेक्स या ऑनलाइन कोर्सच्या संकेतस्थळाच्या माहितीवरचा अभ्यास आहे. सुमारे ६९ लाख वेळा व्हिडिओ पाहिले गेल्याच्या नोंदी तपासल्या, आणि व्हिडिओ कितीही मोठा असो, बघणारे साधारण सहा मिनिटांच्या पुढे टिकत नाहीत असं दिसलं. ठीक. पण कोणी किती वेळ पाहिलं म्हणजे तेवढं समजलं, असं त्यात कुठे आहे? माझ्या एका सिद्धतेचे चार तुकडे केले गेले. तिसऱ्याच्या सुरुवातीला ‘आता एप्सिलॉन निवडूया’ म्हणते, तोवर बघणारा विसरलाय की एप्सिलॉन हवा कशाला होता.

शेवटी मी काय केलं, प्रत्येक तुकड्याच्या आधी मी एकच प्रश्न टाकला आणि उत्तर दिल्याशिवाय पुढचा तुकडा उघडू नये अशी सोय करून घेतली. तारे कमी झाले. ‘मॅम, डिस्टर्ब होतं’ असे निरोप आले. मी सोय काढलेली नाही.

जुना अँटेना

सहज आठवलं म्हणून. १५ ऑगस्ट १९८४ला यूजीसीचा ‘कंट्रीवाइड क्लासरूम’ दूरदर्शनवर सुरू झाला, उपग्रहावरून. पुणे विद्यापीठातल्या केंद्रातही त्यासाठी कार्यक्रम बनायचे. आम्ही भक्तिभावाने पाहायचो, इंग्रजी निम्मं डोक्यावरून जायचं, आणि टीव्हीला ‘सर, परत सांगा’ म्हणायची सोय नव्हती. आता सोय आहे. म्हणून निदान मी तरी एवढंच पाहीन, की ‘परत सांगा’ म्हटल्यावर समोरचा खरोखर परत सांगतो का, आणि वेगळ्या शब्दांत सांगतो का.

टीए नंबर तीन

बराच वेळ लिहू की नको चाललं होतं. मी पीएच.डी. करतो आणि एका मोठ्या ऑनलाइन कोर्सचा टीए (टीचिंग असिस्टंट, सरांचा मदतनीस) आहे. मंचावर ‘कोर्स टीम’ नावाने जी उत्तरं दिसतात ती आम्ही देतो. सर दिलदार आहेत, भांडण त्यांच्याशी नाही. पण पुरस्काराच्या अर्जात ‘शंकानिरसन २४ तासांत’ असं लिहिलं जातं, तेव्हा ते २४ तास कोणाचे असतात तेही विचारा.

आणि सर चांगले का, हेही सांगतो. आम्ही उत्तर टाकायच्या आधी त्यांनी एक शिस्त घालून दिली : पहिल्या उत्तरात उत्तर द्यायचं नाही. ‘तू कुठपर्यंत आलास ते लिही’ म्हणायचं. सुरुवातीला आम्हाला हा वेळकाढूपणा वाटला. पण मुलं आपली पायरी लिहायला लागली की निम्म्यांना तिथेच स्वतःची चूक सापडते, आणि ‘सर, सापडलं, राहू दे’ असा मेसेज येतो. उरलेल्यांपैकी कोणाचं गाडं कुठे अडलंय ते दर शुक्रवारी आम्ही सरांना सांगतो आणि सोमवारचं लाइव्ह सत्र त्यावरच असतं. तयार स्लाइड नसते.

पाटीपेन्सिल, फाइल मागवाल तेव्हा मंचावरची एखादी अख्खी चर्चा मागवा, विद्यार्थ्यांची नावं झाकून. स्क्रीनशॉट नको, त्यात गोड तेवढंच कापून देतात. आणि टीएंची नावं मात्र झाकू नका.