काम सुटल्यावर ईएसआयकडून पैसे मिळतात का? (कुपवाड एमआयडीसी)

वारणाकाठ
कुपवाडला ठेकेदाराच्या हजेरीवरच्या पोरांना ऑर्डर नाही म्हणून कमी केलंय. पगार 15,000 च्या आसपास, तीन वर्षं ईएसआय (कर्मचारी राज्य विमा) आणि पीएफ कापलाय. कोण म्हणतंय रोजगार केंद्रात नाव घातलं की भत्ता सुरू होतो, कोण म्हणतंय ईएसआयमधून मिळतो. खरं काय? आणि ठेकेदार कोऱ्या कागदावर सही मागतोय, ती द्यायची का?

हिशेबनीस
सहीचं आधी. अजिबात देऊ नका. त्या कागदावर उद्या 'स्वखुशीने राजीनामा' लिहिला गेला तर कामावरून कमी केल्याची भरपाई गेली. वर्षभरात 240 दिवस भरलेल्याला कमी करताना एक महिन्याची नोटीस किंवा तेवढा पगार, आणि प्रत्येक पूर्ण वर्षामागे 15 दिवसांचा सरासरी पगार द्यावा लागतो. तो नाकारला तर सांगलीत सहायक कामगार आयुक्तांकडे लेखी तक्रार करा आणि पोच घ्या.

महास्वयम या राज्य सरकारच्या रोजगार पोर्टलवर नाव जरूर घाला, भरतीचे निरोप येतात. पण नुसत्या नोंदणीवर भत्ता मिळत नाही. 'भत्ता मंजूर, फी भरा' असा मेसेज आला तर तो फसवणुकीचा समजा.

मिरज_जंक्शन
ईएसआयमधली ती अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना. 1 जुलै 2018 ला सुरू झाली, तेव्हा रोजच्या सरासरी कमाईच्या 25 टक्के मिळायचे. 24 मार्च 2020 पासून 50 टक्के केले. जास्तीत जास्त 90 दिवस आणि आयुष्यात एकदाच. मुदतवाढीवर चालणारी योजना आहे, म्हणून अर्जाआधी मुदत तपासा.

अटी दोन. काम सुटण्याआधी सलग दोन वर्षं विमा असावा. आणि लगतच्या सहामाहीत किमान 78 दिवसांचा भरणा (ईएसआयची वर्गणी), शिवाय त्याआधीच्या तीन सहामाह्यांपैकी एकीत 78 दिवस. सहामाही म्हणजे एप्रिल-सप्टेंबर आणि ऑक्टोबर-मार्च. गैरवर्तनामुळे काढलेला, स्वेच्छानिवृत्ती घेतलेला किंवा वयोमानाने निवृत्त झालेला बसत नाही. संप-टाळेबंदीचे दिवसही धरत नाहीत.

रक्कम अशी निघते: चार सहामाह्यांची एकूण कमाई भागिले 730 (दोन वर्षांचे दिवस), आणि त्याचं निम्मं. 15,000 पगार अखंड असेल तर 3,60,000 भागिले 730, म्हणजे 493 रुपये. निम्मे साधारण 246, आणि 90 दिवसांचे जवळपास 22,190. भागाकार मात्र 730 नेच होतो. मधे चार महिने ब्रेक दिला असेल तर कमाई घटते, भाजक तोच राहतो. हे न समजल्यानं 'कमी दिले' म्हणून बरेच जण वाद घालतात.

काम सुटल्यावर 30 दिवस गेले की ईएसआयसीच्या पोर्टलवर आपल्या विमा क्रमांकाने लॉगिन करून दावा टाका. मालकाची सही लागत नाही, प्रतिज्ञापत्राची अटही काढली आहे. आधार आणि पासबुकाची प्रत जोडा. अपलोड झालं नाही तर सही केलेली प्रिंट आणि कागदपत्रं आपल्या शाखा कार्यालयात द्या, नाहीतर पोस्टाने पाठवा. पुढच्या दिवसांचा दावा आगाऊ करता येत नाही.

वारणाकाठ
आभारी आहे दादा. एकाचे ईएसआय नंबर दोन आहेत, ठेकेदार बदलल्यावर नवा काढला होता. तो अडकेल का?

हिशेबनीस
अडकेल. दावा बरेचदा इथे फसतो. दोन नंबरांवर भरणा विभागला की कुठल्याच नंबरावर दोन वर्षं दिसत नाहीत. आधी शाखेत अर्ज देऊन दोन्ही जोडून घ्या. पगारचिठ्ठ्या आणि दोन्ही कार्डं सोबत ठेवा.

दुसरी गोष्ट, ठेकेदारानं पगारातून कापून भरणाच केला नसेल. पोर्टलवर महिन्यामागे किती दिवस दिसतात ते आजच बघा, दावा टाकताना नको. भरणा बुडाला असेल तर मूळ कंपनीही कायद्याने जबाबदार असते, तक्रारीत तिचं नाव घाला. आधार, बँक खातं आणि विमा नोंद यांत नावाचं स्पेलिंग एकच हवं.

ईएसआयचा दवाखाना लगेच बंद होत नाही. एप्रिल-सप्टेंबरात 78 दिवस भरले असतील तर पुढच्या जानेवारी ते जूनपर्यंत उपचार मिळतात. घरात बाळंतपण किंवा ऑपरेशन असेल त्यांना हे मुद्दाम सांगा.

मिरज_जंक्शन
पीएफचं एक. ठेकेदारानं काम सोडल्याची तारीख टाकली नाही तर शेवटच्या भरण्यानंतर दोन महिन्यांनी पीएफच्या यूएएन (कायम खाते क्रमांक) पोर्टलवर ती स्वतः टाकता येते. नोकरी दहा वर्षांपेक्षा कमी असेल तर पेन्शनचे पैसे घाईनं काढू नका, 10सी फॉर्म भरून योजना प्रमाणपत्र घ्या. पुढच्या नोकरीत ती वर्षं जोडली जातात.