मदत हवी आहे: बेकरीतला शिळा पाव कोंबड्यांना रोज घातला तर चालतो का?

नमस्कार. आम्ही कोरेगाव तालुक्यात वस्तीवर राहतो. घरी नऊ कोंबड्या आहेत, सहा गावरान आणि तीन गिरिराज (सुधारित जात). गेल्या वर्षी मुंगसानं एका रात्रीत चार तलंगा मारल्या. तेव्हापासून जाळी मारून मोठं खुराडं केलंय, कोंबड्या दिवसभर आतच असतात.

चुलत दिरांची बेकरी आहे. न खपलेला पाव ते संध्याकाळी पाठवतात, रोज दोन लाद्या, म्हणजे बारा पाव. पाण्यात भिजवून कुस्करून टाकला की कोंबड्या एकमेकींच्या अंगावर चढून खातात आणि मग लेयरच्या (अंड्यावरच्या कोंबड्यांच्या) खाद्याकडे ढुंकूनही बघत नाहीत. खाद्याचं पोतं जास्त दिवस पुरायला लागलं म्हणून आधी मी खूशच होते.

तीन आठवड्यांत अंडी निम्म्यावर आलीत. गिरिराजची दोन तर कवचाशिवाय, नुसत्या पापुद्र्यातली मिळाली. आणि आज सकाळी एका गावरान कोंबडीची गळ्याखालची पिशवी टम्म होती, हाताला मळलेल्या कणकेसारखी लागते. खात नाही, मान ताणून कोपऱ्यात बसलीय.

सासूबाई म्हणतात, "पावानं कुठं कोंबडी मरती व्हय? आमी जलमभर शिळंपाकंच घातलं." शेजारी म्हणतात पावातलं यीस्ट पोटात जाऊन फुगतं. खरं काय? पाव बंदच करू का?

माळरान:
ताई, पावाचं नंतर बघू. आधी ती कोंबडी वेगळी काढा. आज खायला काही नको, फक्त स्वच्छ पाणी. कोंबडी रात्री पिशवी भरून झोपते आणि सकाळी ती रिकामी, सपाट लागायला हवी. सकाळीही घट्ट असेल तर आत गोळा अडकलाय. हाताला पाण्याच्या फुग्यासारखी लागली आणि चोचीला आंबूस वास आला तर आत बुरशी वाढलीय, त्याला औषध लागतं. दोन्हीत आजच्या आज पशुवैद्यकीय दवाखान्यात न्या. आणि कुणी सांगितलं तरी उलटी धरून ओकवू नका. पाणी श्वासनळीत गेलं तर हातातच जाते. माझी गेलीय.

पोल्ट्रीचा_हिशोब:
यीस्टचं शेजाऱ्यांनी अर्धंच बरोबर सांगितलंय. भट्टीत यीस्ट मरतं, भाजलेल्या पावात ते फुगत नाही. कच्चं पीठ मात्र कधीच घालू नका, ते पिशवीत खरंच फुगतं. भिजवलेल्या पावाचा त्रास वेगळा, त्याचा चिकट लगदा होतो. हावरी कोंबडी भराभर गिळते आणि गोळा बसतो.

खरी गडबड तुमच्या हिशोबात आहे. एक कोंबडी दिवसाला साधारण 110 ग्रॅम खाद्य खाते, नऊ मिळून एक किलो. एक पाव 35-40 ग्रॅमचा धरला तर बारा पावांचे जवळपास 450 ग्रॅम होतात. म्हणजे निम्मं पोट पावानं भरतंय. अंड्यावरच्या कोंबडीला खाद्यात 16 ते 18 टक्के प्रथिनं लागतात, मैद्याच्या पावात आठ-नऊ. लेयरच्या खाद्यात कॅल्शियम साडेतीन टक्क्यांच्या आसपास असतं, पावात नावापुरतं. एका अंड्याच्या कवचालाच दोन ग्रॅम कॅल्शियम जातं. ते खाद्यातून आलं नाही तर ती आधी स्वतःच्या हाडांतलं काढते, आणि तेही पुरेना झालं की तुमची पापुद्र्याची अंडी.

खाऊ म्हणून एकूण खाण्याच्या दहा टक्क्यांपर्यंत ठीक. नऊ कोंबड्यांत मिळून तीन पाव, त्याहून जास्त नाही. तेही दुपारनंतर, खाद्य खाऊन झाल्यावर. भिजवू नका, बारीक चुरा करा आणि शेजारी पाणी ठेवा.

डालगं_आणि_खुराडं:
तुमच्या सासूबाईंना माझा नमस्कार सांगा, त्या खोटं बोलत नाहीत. फक्त त्यांची कोंबडी उकिरड्यावर होती. शिळी भाकरी चार घास, बाकी दिवसभर किडे, गांडुळं, वाळवी, सांडलेली ज्वारी, हिरवा पाला आणि वाळूचे खडे. प्रथिनं उकिरड्यातून मिळायची, भाकरी वरकड होती. तुमची कोंबडी जाळीत आहे, तिला तुम्ही टाकाल तेवढंच. शिवाय तेव्हाची गावरान वर्षाला पन्नास-साठ अंडी द्यायची, गिरिराजकडून आपण त्याच्या दुपटीची अपेक्षा धरतो.

जाळीत बारीक खडी ठेवलीय का? कोंबडीला दात नाहीत, पोटातले खडेच दळतात. कॅल्शियमसाठी शिंपल्यांचा चुरा वेगळ्या भांड्यात ठेवा, ज्या कोंबडीला हवा ती खाईल.

आणि अंडी निम्मी झाली त्याचा सगळा दोष पावावर टाकू नका. पिसं गळतायत का बघा. दिवस लहान व्हायला लागले की कोंबड्या पिसं टाकतात आणि अंडं थांबवतात. गावरान कोंबडी खुडूक (अंडी उबवायला) बसली असेल तर तिचं वेगळंच.

माळरान:
बुरशीचं राहिलं. पावसाळ्यात आपल्याकडे पाव दोन दिवसांत हिरवा होतो. हिरवा भाग खुडून बाकीचा घालतात लोक. तसं करू नका, बुरशीचं विष दिसतं त्याच्या बरंच आत गेलेलं असतं. अख्खी लादी टाकून द्या. बेकरीवाल्यांना सांगा, चॉकलेटचा केक पावाच्या पिशवीत येऊ देऊ नका, ते कोंबडीला विषारी आहे. खारी-टोस्टही नको, त्यात तूप, मीठ, साखर जास्त.

धागाकर्ती:
सगळ्यांचे आभार. कोंबडीला दवाखान्यात नेलं, गोळाच होता. आज तिसरा दिवस, सकाळी पिशवी सपाट लागली आणि भरड्यातला मका वेचून खाल्ला. पिसं खरंच गळतायत, तिघींची. मी रोज झाडून टाकत होते आणि डोक्यात आलं नाही. सासूबाईंना उकिरड्याचं वाचून दाखवलं. "मग मी काय येगळं म्हणत हुते?" म्हणाल्या, आणि आता तीन पाव मोजून त्याच कुस्करतात.

एकच राहिलं. उरलेले नऊ पाव म्हशीला घालू का?

पोल्ट्रीचा_हिशोब:
थांबा! सवय नसताना एकदम फार मैदा गेला तर म्हशीच्या पोटात आम्ल वाढतं, रवंथ बंद पडतो. एखाद-दुसरा पाव कडब्याबरोबर चालेल. बाकीच्यासाठी दिरांनाच सांगा, लाद्या कमी पाठवा.