मदत हवी आहे: गाडीच्या विम्याचं रिन्यूअल ८ हजारांवरून थेट १४ हजारांवर, भाव कसा करायचा?

वैतागलेला_इंदिरानगर
मंडळी, घाईत लिहितोय, शनिवारी पॉलिसी संपतेय. गेल्या वर्षी ८,०२४ भरले होते. यंदा एजंटने व्हॉट्सॲपवर १४,३२६ चा आकडा पाठवला. गाडी तीच, चालवणारा मीच, वाढले असतील तर खड्डे. ऑनलाइन तीच कंपनी ११,९०० च्या आसपास दाखवते. मधले अडीच हजार एजंट खातोय का? कंपनीत कोणाशी बोलायचं, काय बोलायचं, तेवढंच सांगा. ‘एजंट बदला’ सांगू नका, ते जमणार नाही.

पंचवटी_पेन्शनर
गाडी कोणती? कधीची? किती सीसी? आयडीव्ही, म्हणजे विम्यासाठी धरलेली गाडीची किंमत, किती लावलीय? झिरो डेप, म्हणजे पार्टचे पैसे घसारा न कापता देणारं जादा कव्हर, आहे का? वर्षभरात क्लेम? हे काहीच न सांगता भाव कसा सांगणार? मंडईत सुद्धा आधी भाजी दाखवावी लागते.

वैतागलेला_इंदिरानगर
पेट्रोल, ११९७ सीसी, ऑक्टोबर २०२२. झिरो डेप आहे. आयडीव्ही साडेचार लाखांच्या आसपास. अपघात वगैरे काही नाही.

अंबड_गॅरेजवाला
झिरो डेप काढून टाका. निव्वळ पैसे घालवणं आहे. मी १२ वर्षं साध्या पॉलिसीवर चालवतोय.

गोदेकाठी
तुमचं स्वतःचं गॅरेज आहे, म्हणून साधी पॉलिसी परवडते. बंपर, प्लास्टिकच्या पार्टचे साध्या पॉलिसीत निम्मेच पैसे मिळतात. उलट यांनी इंजिन प्रोटेक्ट, म्हणजे पाणी शिरून इंजिन गेलं तर त्याचं जादा कव्हर, पण घ्यावं. आमच्या पार्किंगमध्ये पुराचं पाणी शिरलं, शेजाऱ्यांनी सकाळी ‘बघू तरी’ म्हणून सेल्फ मारला आणि इंजिनने पाणी ओढलं. साध्या विम्यात ते बसलं नाही. गोदापात्रातला दुतोंड्या मारुती कमरेपर्यंत बुडाला की मी गाडी वरच्या गल्लीत नेतो आणि चावी बायकोकडे देतो.

अंबड_गॅरेजवाला
इंदिरानगरात कुठून येणार गोदेचा पूर?

गोदेकाठी
गोदेचा नाही येत, नाल्याचा येतो. बोगद्यात पाणी तुंबलेलं बघितलं नाही वाटतं कधी.

सातपूरची_सई
पुरात वाहून जाऊ नका हो. ऑक्टोबर २०२२ हेच अर्धं उत्तर आहे. १ सप्टेंबर २०१८ पासून नव्या कारला थर्ड पार्टी विमा (आपल्या गाडीने दुसऱ्याचं नुकसान केलं तर त्याचा) एकदम तीन वर्षांचा घ्यावा लागतो. तो तुम्ही शोरूममध्येच भरला होतात. म्हणून मागची दोन वर्षं फक्त ओन डॅमेजचे, म्हणजे स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या विम्याचे पैसे गेले. आता तीन वर्षं संपली. १००० ते १५०० सीसीला थर्ड पार्टीचा दर सरकारने ठरवलेला आहे, ३,४१६, वर १८ टक्के जीएसटी. झाले ४,०३१. यात एजंट, मॅनेजर कोणीही एक रुपया कमी करू शकत नाही.

कॉलेजरोड_ईव्ही
इलेक्ट्रिक घ्या. थर्ड पार्टीत सवलत असते. मी घेतली, पेट्रोलचा खर्च शून्य.

पंचवटी_पेन्शनर
विम्याचे सहा हजार वाढले म्हणून पंधरा लाखांची गाडी घ्यायची, वा!

ग्राहकराजा_नाशिक
सरळ ग्राहक आयोगात खेचा. लूट आहे ही.

सातपूरची_सई
दर जास्त वाटला म्हणून आयोगात कशाला? ओन डॅमेजचे दर २००७ पासून खुले आहेत, कंपनी आपापला ठरवते. तुम्ही दुसरीकडे जाऊ शकता, एवढंच. आणि हो, माझा हिशेब अजून जुळत नाहीये. १४,३२६ वजा ११,९०० म्हणजे साधारण २,४००. वैतागलेले, क्लेम नक्की नव्हता ना?

वैतागलेला_इंदिरानगर
क्लेम म्हणजे… फेब्रुवारीत द्वारका चौकात रिक्षा घासली होती. मागचा बंपर, जेमतेम वीतभर चरा आणि एक क्लिप तुटलेली. वर्कशॉपवाला म्हणाला, झिरो डेप आहे तर टाकून द्या, तुमचं काय जातंय. ४,८०० चं बिल, हजार मी भरले. तो पण धरतात का?

सातपूरची_सई
धरतात. वीतभर चरा असो की गाडी चेपलेली असो, नो क्लेम बोनसला, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल ओन डॅमेजवर मिळणाऱ्या सवलतीला सारखंच. यंदा तुम्हाला ३५ टक्के मिळणार होते, ते शून्यावर आले. ओन डॅमेज ५,८०० असेल तर २,०३० रुपये, जीएसटी धरून २,३९५. कंपनीने बंपरला ३,८०० दिले, त्यातले निम्म्याहून जास्त यंदाच परत गेले. पुढच्या वर्षी ४५ ऐवजी २० टक्केच मिळतील, तो तोटा वेगळा.
आता खरं सांगा. ऑनलाइन ‘मागच्या वर्षी क्लेम केला होता का’ असं विचारलं तेव्हा काय टिक केलंत?

वैतागलेला_इंदिरानगर
नाही. 😶

पंचवटी_पेन्शनर
घ्या. आणि बिचाऱ्या एजंटला चोर ठरवत होते.

सातपूरची_सई
ती पॉलिसी घेऊ नका. उद्या मोठा क्लेम आला आणि खोटा बोनस निघाला की तिथेच अडकाल. भाव फक्त ओन डॅमेज आणि ॲड-ऑनवर (जादा कव्हरवर) होतो. दुसऱ्या दोन कंपन्यांचे कोट ‘हो, क्लेम केला’ टिक करून, याच आयडीव्हीला काढा आणि एजंटला दाखवा. आयडीव्ही खाली आणून स्वस्त केलेलं चालणार नाही, गाडी चोरीला गेली तर त्याच आकड्याइतके मिळतात. बाईक आहे का? तिच्या पॉलिसीत मालक-चालकाचं १५ लाखांचं अपघात कव्हर असेल तर कारमध्ये परत घेऊ नका.

अंबड_गॅरेजवाला
आणि शनिवार चुकवू नका. पॉलिसी तुटली की इन्स्पेक्शन लागतं. ९० दिवस उलटले तर बोनस जातो.

पंचवटी_पेन्शनर
यांचा गेलाच आहे.

वैतागलेला_इंदिरानगर
अपडेट. एजंट मेव्हण्याचा मित्र आहे, म्हणून बदलता येत नव्हता. तीन कोट पाठवल्यावर म्हणाला, ‘दादा, आधी बोलायचं ना.’ ओन डॅमेज ५,८०० वरून ४,९०० वर आणलं. अपघात कव्हर बाईकवर निघालं, ते काढलं. चावी हरवल्याचं ॲड-ऑन होतं ३०० चं, ते मला माहीतच नव्हतं, तेही काढलं. १२,५२७ झाले, आत्ताच भरले. सईताई, खूप आभार. मेव्हण्याला बंपरचं कळलंय. रविवारची मिसळ माझ्याकडून आहे म्हणे.

गोदेकाठी
इंजिन प्रोटेक्ट ठेवलंत ना?