मदत हवी आहे: थांबणाऱ्याचं भलं होतं अशी गोष्ट सुचवा (वय साडेचार)

नमस्कार. लेक साडेचार वर्षांची आहे. दुकानात चॉकलेटसाठी हट्ट धरला आणि मी "आज पैसे नाहीत" म्हटलं, की म्हणते, "अगं, त्या चौकोनाला फोन दाखव ना!" आम्हाला नोटा मोजताना तिने फारसं पाहिलेलंच नाही.

म्हणून मातीचा गल्ला आणला. रोज एक नाणं टाकायचं, गल्ला भरला की खडूंची मोठी पेटी. रोज कानाशी धरून खुळखुळ वाजवायची. एका सकाळी रिक्षासाठी सुट्टे नव्हते, मी पिन घालून त्यातली चार नाणी काढली. संध्याकाळी परत टाकली, पण तिने तेवढ्यात हलवून पाहिलं होतं. तेव्हापासून नाणं हातात दिलं तरी टाकत नाही.

मग रात्री गोष्टींतून समजावू म्हटलं. भोपळ्यातल्या म्हातारीची गोष्ट सांगितली. लेकीकडे जाऊन लठ्ठ होऊन येते, मग खा, असं ती वाघाला सांगते, ती. ऐकून म्हणाली, "वाघ थांबला म्हणून त्याला काहीच नाही मिळालं." चिऊकाऊतही तेच. "थांब, बाळाला तीट लावते" ऐकत कावळा दाराशी भिजतो आणि शेवटी चटका खातो. मुंगी आणि नाकतोड्याची सांगितली, तर "मुंगीने त्याला एक दाणा का नाही दिला?" यावर मला उत्तर देता आलं नाही, आणि खरं तर तिचंच बरोबर वाटलं.

स्टॅनफर्डचा मार्शमॅलोचा प्रयोग (मुलापुढे एक गोड खाऊ ठेवायचा, लगेच न खाता थांबलं तर दोन मिळणार) बहुतेकांना माहीत असेल. मला जास्त लागला तो रोचेस्टर विद्यापीठातला २०१३ मधला. आधी मुलांना चांगले रंग आणून देतो म्हणून सांगितलं. ज्यांना ते खरंच आणून दिले, ती मुलं पुढे खाऊसाठी सरासरी १२ मिनिटं थांबली. ज्यांच्याबाबतीत शब्द मोडला, ती जेमतेम ३ मिनिटं. वाचून गल्लाच डोळ्यांपुढे आला.

तर दोन गोष्टी विचारायच्या आहेत. थांबणाऱ्याला शेवटी खरंच काहीतरी मिळतं, आणि कोणी फसत नाही, अशी लोककथा किंवा तुमच्या आजीने सांगितलेली गोष्ट आहे का? पाचेक मिनिटांत सांगून होणारी, तात्पर्य नसलेली हवी.

आणि ती नाणी मी घेतली होती हे तिला सरळ सांगून माफी मागावी, की तेही गोष्टीत घालून सांगावं? बालवाडीत शिकवणाऱ्या ताईंनी जरूर लिहा. गल्ला अजून फडताळावर तसाच अर्धा आहे.