मदत हवी आहे : पितळ व जर्मन सिल्व्हरच्या भागांवर रासायनिक काळेपणा टिकत नाही

नेरळ–माथेरान रेल्वे १९०७ साली सुरू झाली. त्या मार्गावरच्या ओरेनस्टाइन आणि कोपेल बनावटीच्या वाफेच्या इंजिनाची प्रतिकृती मी १:४३.५ या प्रमाणात करीत आहे. (मूळ रुळांमधील अंतर ६१० मिमी असल्याने प्रतिकृतीत ते जवळजवळ नेमके १४ मिमी येते, ही मोठीच सोय.) सांगाडा पितळी पत्र्याचा, चाकांना जोडणारे दांडे जर्मन सिल्व्हरचे (तांबे, निकेल व जस्त यांचा मिश्रधातू) आणि चाकांच्या धावा पोलादी आहेत. रंगाच्या थराने दांड्यांची भोके आवळली जातात आणि चाके अडखळतात, म्हणून हलते भाग रंगवण्याऐवजी रसायनाने काळे करावेत असे ठरवले आहे.

त्यासाठी सेलेनिअस आम्ल आणि मोरचूद असलेले तयार, थंड द्रावण वापरतो. भाग काचतंतूंच्या ब्रशने घासून, असिटोनने तेलकटपणा काढून, ऊर्ध्वपातित पाण्याने धुऊनच बुडवतो. मूळ तीव्रतेच्या द्रावणात पितळ क्षणात काळेभोर होते, पण तो थर काजळीसारखा बोटाला लागतो. पाणी घालून पातळ केलेल्या द्रावणात काळेपणा सावकाश चढतो आणि पितळावर चांगला टिकतो. जर्मन सिल्व्हर मात्र त्याच पातळ द्रावणात राखाडी, पट्टेदार दिसते. त्यातील निकेलमुळे असे होत असावे असा माझा तर्क आहे. अशा वेळी द्रावणाची तीव्रता वाढवावी, की मधे बाहेर काढून, हलके घासून पुन्हा बुडवावे?

खरी अडचण सोल्डरच्या सांध्यांची आहे. कथील–शिशाचे हे सांधे पितळासाठीच्या द्रावणात काळे होत नाहीत आणि काळ्या सांगाड्यावर चंदेरी रेघा उठून दिसतात. भाग आधी काळे करून मग जोडावेत, तर काळ्या थरावर सोल्डर धरत नाही. रंगीत काचकाम करणारे सोल्डरवर मोरचुदाच्या द्रावणाने तांब्याचा पातळ थर चढवतात. तसा थर देऊन मग काळे केल्यास रंग एकसारखा येईल का? कोणी प्रत्यक्ष केले असल्यास मोरचुदाचे प्रमाण कृपया कळवावे.

धावा मी उघड्याच ठेवणार आहे, कारण वीज रुळांकडून तिथूनच घ्यायची आहे. पण दांडे आणि खिळ्यांच्या फटींत राहिलेल्या आम्लाने पुढे पोलाद गंजू नये, यासाठी खाण्याच्या सोड्याच्या पाण्यात बुडवून धुणे पुरेसे आहे का? शिवाय सेलेनियमची संयुगे विषारी असल्याने वापरलेले द्रावण मी मोरीत न ओतता बाटलीत साठवून ठेवले आहे. त्याची रीतसर विल्हेवाट आपल्याकडे कोण लावते, हेही जाणकारांनी सांगावे.